शिळेवरची वंशावळ : तंजावरचे सरफोजी महाराज

मायभूमीपासून दूर वसलेल्या कुटुंबांत साधारणतः तिसऱ्या पिढीच्या सुमारास एक प्रश्न उपस्थित होतो : आपण मूळचे कुठले? पहिल्या पिढीला हा प्रश्न पडत नाही, कारण गाव तिच्या डोळ्यांसमोर असते. दुसरी पिढी आईवडिलांच्या बोलण्यातून त्या गावाशी परिचित असते. तिसऱ्या पिढीला मात्र शोध घ्यावा लागतो. आणि ती शोध घेऊ लागते तेव्हा उत्तर देऊ शकणारी माणसे बहुधा निघून गेलेली असतात.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अमेरिकेच्या व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागली. त्यांचे वंशज आज पूर्वजांचे जन्मगाव शोधत जहाजांच्या याद्या, चर्चमधील बारशाच्या नोंदी आणि जुने शेतसारापत्रक चाळत असतात. त्यांच्या मार्गात एक मोठी अडचण आहे. १९२२ च्या जूनमध्ये, यादवी युद्धाच्या आरंभीच, डब्लिन येथील सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि शिरगणतीची पत्रके, मृत्युपत्रे, चर्चची नोंदणीपुस्तके यांचा फार मोठा भाग एका दिवसात भस्मसात झाला. अनेक घराण्यांचा माग त्या राखेपाशी येऊन थांबतो. मॉरिशसमधील मराठी बांधवांचे नशीब त्या मानाने बरे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी तेथे गेलेल्या माणसांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत आणि त्यांच्या आधारे काही कुटुंबांना आपले मूळ गाव पुन्हा सापडलेले आहे.

कागद राहिला तर माग राहतो, कागद गेला की मागही जातो. हे सत्य आपल्यातल्या एका पुरुषाने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते, आणि त्याने आपल्या घराण्याची हकीकत कागदावर न ठेवता दगडावर कोरविली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात तो मराठी लेख आजही उभा आहे. तो कोरविणारे दुसरे सरफोजी महाराज यांचे चरित्र सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी आठवणे उचित ठरेल. कारण परप्रांतात राहून मूळ विसरू न देण्याचे काम त्यांच्याइतक्या निष्ठेने फार थोड्यांनी केले.

वेरूळ ते तंजावर

तंजावरच्या भोसल्यांचे मूळ दौलताबादेजवळच्या वेरूळ गावी आहे. बाबाजी भोसले यांच्याकडे तेथील पाटीलकी होती. त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी यांनी निजामशाहीत तलवार गाजवून घराण्याला नावारूपास आणले. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजींनी केला, ही गोष्ट त्या गावाशी असलेल्या त्यांच्या नात्याची साक्ष देते. मालोजी व त्यांच्या पत्नी उमाबाई यांना अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या कृपेने पुत्र झाले अशी श्रद्धा होती, आणि म्हणूनच त्यांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवण्यात आली.

शहाजीराजे निजामशाहीच्या अस्तानंतर आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले आणि बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले. १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. म्हणजे भोसल्यांच्या घराण्यात देशांतर शहाजीराजांपासूनच सुरू झाले होते. जिजाऊंचे पुत्र शिवाजीराजे सह्याद्रीत राहिले, तर तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी दक्षिणेत. विजापूरच्या हुकमाने तंजावरच्या नायकाला मदत करण्यास गेलेल्या एकोजींनी १६७५-७६ च्या सुमारास ते राज्य स्वतःच ताब्यात घेतले, आणि कावेरीच्या खोऱ्यात मराठी राजवटीला आरंभ झाला.

१६७७ साली दक्षिणदिग्विजयाच्या वेळी शिवाजीमहाराज आणि एकोजी यांची कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे भेट झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून दोघांत बेबनाव झाला, एकोजी रातोरात नदी उतरून निघून गेले, आणि पुढे एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे तडजोड झाली. दोन भावांची ही ताटातूट पुढे कायमची ठरली. सातारा, कोल्हापूर आणि तंजावर या तीन गाद्या एकाच रक्ताच्या असूनही तंजावरचा संसार वेगळ्याच मुलखात, तमिळ व तेलुगु भाषांच्या सान्निध्यात वाढला.

त्या संसारात मुळाच्या खुणा मात्र टिकून राहिल्या, आणि त्यांतील सर्वांत बोलकी खूण म्हणजे नावे. तंजावरच्या गादीवर शहाजी आले, तुळजाजी आले, शिवाजी आले. तुळजाजी या नावात तुळजापूरची भवानी आहे. सरफोजी हे नाव तर शहाजीराजांचे बंधू शरीफजी यांच्यावरूनच आलेले दिसते. तमिळ मुलखात त्याचे शरभोजी झाले, आणि संस्कृत पंडितांनी त्याला शरभेंद्र असे भारदस्त रूप दिले. अहमदनगरच्या पीराच्या नावाने ठेवलेले एक नाव पिढ्यान्‌पिढ्या फिरत कावेरीकाठी एका शिवभक्त राजाच्या माथी आले, आणि त्या नावातच घराण्याच्या प्रवासाची वाट साठवलेली राहिली. वंशाचा शोध घेणाऱ्याने घरातील नावांकडे प्रथम पाहावे असे जाणकार सांगतात, ते उगाच नव्हे.

दत्तकाचा वाद

दुसऱ्या सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे तुळजाजी होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबासाठी इंग्रजांनी तंजावर जिंकून घेतले होते आणि १७७६ मध्ये ते तुळजाजींना परत दिले होते. परंतु या उलथापालथीत राज्याची रया गेली होती. राजाची मुलेबाळे वारली होती, प्रकृती खालावली होती. १७८७ च्या आरंभी, मृत्यूला काही काळच उरला असताना, त्यांनी नऊ वर्षांच्या या मुलास विधिपूर्वक दत्तक घेतले आणि श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकास त्याचा सांभाळ करण्याची विनंती केली.

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ १७५० साली तरंगमबाडीस उतरले होते. दरबाराशी बोलता यावे म्हणून त्यांनी मराठीही आत्मसात केली होती. त्यांच्या सचोटीचा लौकिक इतका की हैदरअलीनेही त्यांच्यावर विश्वास ठेवावा. परंतु श्वार्ट्‌झ यांचा शब्दही या वेळी कमी पडला. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानास हरकत घेतली. मुलगा हा आपल्या जनक पित्याचा एकुलता एक पुत्र, त्याचे वय जास्त, आणि दत्तक घेतेवेळी राजाची मनःस्थिती ठीक नव्हती, असे आक्षेप निघाले. मद्रासच्या इंग्रज सरकारने पंडितांचा अभिप्राय मागविला, तो दत्तकाविरुद्ध पडला आणि अमरसिंह राजे झाले.

दत्तक नामंजूर होणे याचा अर्थ केवळ गादी जाणे एवढाच नव्हे. आपल्या चालीप्रमाणे दत्तक गेलेला मुलगा जनक घराण्यातून उठतो; श्राद्धाच्या वेळी तो दत्तक पित्याचे, आजाचे आणि पणजाचे नाव उच्चारतो. सरफोजींना एका घरातून उठविण्यात आले होते आणि दुसऱ्या घराने त्यांना आपले म्हणण्यास नकार दिला होता. आपले पितर कोण, या प्रश्नाचे उत्तर या लहान मुलाच्या बाबतीत सरकारी चौकशीचा विषय बनले. पुढे त्यांनी वंशावळीला जे महत्त्व दिले, त्याचे मूळ या वर्षांत शोधले तर ते चुकीचे होणार नाही.

अमरसिंहांच्या अमलात सरफोजींना अक्षरशः कोंडून ठेवण्यात आले. शिक्षणाची सोय नव्हती, बाहेरचा वारा नव्हता. श्वार्ट्‌झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार दाद मागितली आणि अखेर १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. मराठी, तमिळ, तेलुगु व संस्कृत या भाषांबरोबर इंग्रजीवर त्यांनी उत्तम प्रभुत्व मिळविले. युरोपातील अन्य भाषांचाही त्यांना परिचय होता. गणित, भूगोल, वैद्यक, चित्रकला, संगीत अशा अनेक विषयांची गोडी त्यांना याच काळात लागली. पाद्र्यांच्या हाताखाली वाढूनही त्यांनी आपला धर्म व कुलाचार सोडला नाही, आणि गुरूविषयीच्या कृतज्ञतेतही त्यांनी कधी कसूर केली नाही.

दत्तकाचा प्रश्न पुन्हा चौकशीस आला. अन्य ठिकाणच्या पंडितांची मते घेण्यात आली, आधीच्या अभिप्रायातील दोष उघड झाले आणि कंपनीने दत्तकविधान कायदेशीर ठरविले. अमरसिंहांना पदच्युत करून २९ जून १७९८ रोजी सरफोजींना गादीवर बसविण्यात आले. ज्यांनी हे सर्व घडवून आणले ते श्वार्ट्‌झ तो दिवस पाहू शकले नाहीत. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते निवर्तले होते. पुढे सरफोजींनी इंग्लंडमधील ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि त्यांचा हात हाती घेतलेला तरुण राजा असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे.

गादी मिळाली, परंतु राज्य हाती राहिले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व त्याच्या आसपासचा मुलूख, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. बावीस वर्षांचा हा राजा नावापुरता राजा उरला. अशा स्थितीत कितीएक संस्थानिक चैनीत बुडाले. सरफोजींनी वेगळा मार्ग पत्करला.

शिळेवरचा लेख

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधविले आणि १०१० च्या सुमारास ते पूर्ण झाले. राजराजाने त्या मंदिराच्या दगडांवर आपल्या राज्याचा जणू हिशेबच कोरून ठेवला आहे : कोणी काय दान दिले, बहीण कुंदवै हिने कोणत्या मूर्ती अर्पण केल्या, देवाच्या सेवेत असलेल्या चारशे नर्तिकांची नावे कोणती व त्यांची घरे कोठे. शेकडो वर्षांनंतर त्याच मंदिराचे आश्रयदाते झालेल्या सरफोजींनी हे लेख पाहिले होते, यात शंका नाही. राज्ये गेली, भाषा पालटली, तरी दगडाने सांगितलेली नावे राहिली.

त्याच मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर, नैर्ऋत्येच्या बाजूस, सरफोजींनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरविले. मजकूर सिद्ध करण्याचे काम त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी केले. १३ डिसेंबर १८०३ ही त्याची तारीख. भारतातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते, आणि मराठी भाषेतील तर तो सर्वांत मोठा मानला जातो. घराण्याच्या पौराणिक उत्पत्तीपासून आरंभ करून मालोजी, शहाजी, शिवाजीमहाराज, एकोजी आणि त्यांच्यानंतरचे तंजावरचे राजे असा क्रम लावीत तो लेख सरफोजींपर्यंत येऊन पोचतो.

त्या तारखेचा विचार केला म्हणजे मन थोडे थबकते. १८०३ चे ते वर्ष मराठी सत्तेच्या पडत्या काळाचे होते. त्याच सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला होता. नोव्हेंबरअखेर अडगाव पडले होते. तंजावरचा लेख पुरा झाला त्यानंतर चारच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, नागपूरच्या रघूजी भोसल्यांना देवगावच्या तहावर मान्यता द्यावी लागली. उत्तरेकडे मराठ्यांचा इतिहास रणांगणावर मिटत चालला असता दूर दक्षिणेत एक बिनराज्याचा मराठा राजा तो दगडावर लिहवून घेत होता.

या लेखामागे केवळ पूर्वजांविषयीचा भक्तिभाव होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्याचा वारसा एकदा नाकारला गेला, त्याने आपला वारसा देवाच्या दारात, सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि खोडता न येईल अशा रीतीने मांडावा, हाही त्यामागचा हेतू असला पाहिजे. तुळजाजींचा दत्तक पुत्र या नात्याने सरफोजी त्या मालिकेत स्वतःचे नाव जोडतात, तेव्हा सोळा वर्षांपूर्वीच्या त्या प्रतिकूल अभिप्रायाला मिळालेले ते कायमचे उत्तर ठरते.

इतिहासाच्या अभ्यासकांनी हा लेख बारकाईने तपासला आहे. त्यातील अतिप्राचीन पिढ्यांची मालिका आणि काही काळनिर्देश त्यांना जसेच्या तसे मान्य झालेले नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. कोणत्याही घराण्याच्या वंशावळीत अलीकडच्या चारपाच पिढ्या खात्रीच्या असतात, त्यामागच्या ऐकीव असतात आणि अगदी मुळाशी सूर्य किंवा चंद्र असतो. म्हणून वंशावळ टाकाऊ ठरत नाही. ती सनदा, महजर, पत्रे यांच्याशी ताडून पाहावयाची असते. बाबूराव चिटणिसांच्या लेखाचे खरे मोल यात आहे की, मूळ मुलखाशी रोजचा संबंध तुटून सव्वाशे वर्षे झालेल्या घराण्याला आपण कोणाचे, कोणत्या वाटेने आलो आणि वाटेत काय घडले, हे एका सूत्रात सांगता येत होते. आणि ते मराठीतच सांगावे असे वाटत होते. आजूबाजूला तमिळ बोलणारी प्रजा, दरबारात तेलुगुचा मान, आणि कारभारावर इंग्रजांची नजर. यांपैकी कोणत्याही भाषेत लिहिता आले असते. वंशाची हकीकत मात्र वंशाच्या बोलीतच लिहिली गेली.

ग्रंथांचे घर

घराण्याची स्मृती दगडावर ठेवणारा राजा एका मोठ्या ज्ञानपरंपरेचा संग्राहकही होता. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या राजवाड्यातील ग्रंथालयाला सरफोजींनी जे रूप दिले, त्यामुळे सरस्वती महाल हे नाव जगभरच्या विद्वानांना परिचित झाले. संस्कृत, तमिळ, तेलुगु व मराठी पोथ्यांबरोबर युरोपीय भाषांतील हजारो छापील पुस्तके त्यांनी मागविली, आणि त्यांतील अनेकांवर त्यांची इंग्रजीतील सही आजही दिसते. १८२० च्या सुमारास सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन त्यांनी काशीयात्रा केली, तेव्हाही वाटेतील विद्यास्थानांतून पोथ्या मिळविल्या, आणि काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. या यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या.

१८०५ साली त्यांनी देवनागरी टाइपांचा छापखाना काढला. महाराष्ट्रात मराठी पुस्तके छापण्याची रीत रुळण्यापूर्वीच तंजावरास इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर, बालबोध मुक्तावली, छापून निघाले. जगाच्या भूगोलाची माहिती गीतांतून देणारे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक सरफोजींच्या नावावर आहे. तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा आणि युरोपातून आलेले भूगोलज्ञान यांचा तो संगम होता. त्यांनी चालविलेल्या शाळांतून अनेक भाषांचे शिक्षण मिळे. यात्रेकरूंना व विद्यार्थ्यांना अन्न देणारी धर्मशाळांसारखी छत्रे त्यांनी इंग्रजांशी पत्रव्यवहार करून आपल्याकडे राखली. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचे प्रयोग होत, आणि नेत्ररोग्यांच्या चित्रांसहित नोंदी ठेवल्या जात. रोग्याचे नाव, त्याची तक्रार, दिलेला उपचार, पडलेला गुण हे सारे नीट लिहून ठेवावे, ही दृष्टी आणि पूर्वजांची नावे नीट लिहून ठेवावीत ही दृष्टी, मुळात एकच होय.

या ग्रंथालयाने महाराष्ट्रावर केलेले एक ऋण विशेष सांगण्यासारखे आहे. शिवाजीमहाराजांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदाने त्यांच्या हयातीतच शिवभारत हे संस्कृत काव्य रचले. महाराजांच्या चरित्राचे हे समकालीन साधन महाराष्ट्रात दुर्मिळ झाले होते. सदाशिव महादेव दिवेकर यांना त्याची पोथी तंजावरच्या सरस्वती महालात मिळाली, आणि १९२७ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ते काव्य प्रसिद्ध केले. मालोजी, उमाबाई आणि शाह शरीफ यांची जी हकीकत वर सांगितली, ती याच काव्यात येते. म्हणजे वेरूळच्या घराण्याची बाळपणीची कथा वेरूळपासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या गावात सुरक्षित राहिली, आणि तेथून ती घरी परत आली. घर सोडून गेलेल्या शाखेने घराची स्मृती जपावी आणि पुढे घराने ती तिच्याकडून मागून घ्यावी, असे इतिहासात पुष्कळदा घडते. मूळ ठिकाणी राहणाऱ्याला सर्व काही आपोआप ठाऊक असते, म्हणून तो लिहून ठेवीत नाही. दूर गेलेल्याला विसरण्याचे भय असते, म्हणून तो लिहितो.

अखेर आणि त्यानंतर

सरफोजींच्या कीर्तीला त्यांच्या हयातीतच दाद मिळाली. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आले आणि राजाची विद्वत्ता पाहून प्रभावित झाले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सभासद करून घेतले. तथापि त्यांच्या परिस्थितीतील परावलंबन कधी सुटले नाही. समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी बांधलेला मनोरा हा बुरूज नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे स्मारक आहे. एका भिंतीवर शिवाजीमहाराजांचे नाव आणि दुसऱ्या बुरुजावर इंग्रजांचा जयजयकार, अशा दोन टोकांमध्ये या राजाला आपले आयुष्य कंठावे लागले. त्यातूनही त्याने जे उभे केले, त्यावरूनच त्याची योग्यता ठरवावी लागेल.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. १८५५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना पुत्र नव्हता, आणि कंपनीने राज्य खालसा करून राजवाड्यातील मालमत्तेवरही जप्ती बसविली. राणी कामाक्षीबाई यांनी न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिलेला निकाल १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फिरविला; जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा तो निर्णय होता. सरकारने नंतर खाजगी मालमत्ता राजकुटुंबास परत केली. वारसा सिद्ध करण्याचा जो झगडा सरफोजींच्या बालपणी सुरू झाला होता, तो त्यांच्या मृत्यूनंतरही त्या घराण्याला चुकला नाही.

सरस्वती महाल १९१८ साली सार्वजनिक झाला. तेथे आज सर्व भाषांतील पोथ्यांबरोबर सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. तंजावर दरबाराच्या मोडी कागदांचे शेकडो रुमालही टिकून आहेत, आणि त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. तंजावरच्या मराठी कुटुंबांची बोली पुण्या-मुंबईच्या माणसाला जराशी वेगळी वाटते. तिच्यात तमिळ शब्द मिसळले आहेत, आणि इकडे मागे पडलेले काही जुने मराठी शब्दही तिने राखले आहेत. लग्नमुंजीच्या वेळी गोत्र व कुलदैवत सांगताना मात्र या घरांतून अजून महाराष्ट्रातील देवांची नावे निघतात.

आपण काही राजे नव्हेत आणि आपल्या घराण्याची हकीकत कोरण्यास कोणाचे मंदिरही नाही. पण सरफोजी महाराजांनी केले त्याचे सार प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगे आहे. आजोबा-पणजोबांची पूर्ण नावे, त्यांचे गाव, तालुका आणि जिल्हा, कुलदैवताचे ठिकाण, आजीचे माहेर, गाव सोडल्याचे वर्ष आणि कारण, एवढ्या गोष्टी एका वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. गावांची व जिल्ह्यांची नावे बदलतात, म्हणून जुने नाव व नवे नाव दोन्ही लिहावे. क्षेत्राच्या ठिकाणी गेलो असता तेथील उपाध्यांच्या वहीत पूर्वजांची नोंद आहे का हे विचारावे, आणि आपलीही नोंद करावी. जुनी पत्रे मोडीत आहेत म्हणून ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. ती वाचणारे आजही आहेत. जे खात्रीचे आहे आणि जे ऐकीव आहे ते वेगवेगळे नोंदवावे. आणि या सर्वाच्या दोन प्रती कराव्यात, कारण डब्लिनच्या दप्तरखान्यात एकच प्रत होती.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. आरंभीच्या सभासदांपैकी ज्यांना गावाकडची वाट पाठ आहे, अशी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसून ही वही भरण्यास याहून योग्य वेळ मिळणार नाही. आपल्या नातवंडांच्या मुलांनी उद्या आपण मूळचे कुठले असे विचारले, तर त्यांना मराठीत लिहिलेले उत्तर मिळावे, एवढी व्यवस्था आपल्या हातची आहे.